चार भीती

"‘भ’ला पहिली का दुसरी?"

रशीदचाचांनी छापखान्यातल्या खिळ्यांच्या केसवरून, त्या खणाखणांच्या पेटीवरून, मान न वळवता विचारलं. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक अर्धी भरलेली होती आणि उजव्या हाताची दोन बोटं वेलांट्यांच्या खणावर थांबली होती.

"दुसरी," मी म्हणालो. "भीती. भ दीर्घ, त दीर्घ."

"ह्या कवीनं पहिली काढलीय."

"ते सगळीकडे पहिलीच काढतात, चाचा. सतरा ठिकाणी दुरुस्त केलंय मी. ही अठरावी."

चाचांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि हस्तलिखिताचा कागद नाकाजवळ नेला. "आन् ही भिंती असली तर? टिंब ऱ्हायलं असलं तर? चार भिंती म्हणत्यात लोक. चार भीती कोण म्हणतंय?"

"कुणी म्हणत नाही म्हणूनच ती कविता आहे."

"बरं बाबा. बीएस्सी तू झालायस." त्यांनी दुसरी वेलांटी उचलली आणि स्टिकमध्ये बसवली. टक् असा आवाज झाला. शिशाचा खिळा शेजारच्या खिळ्याला लागला की होतो तसा. दिवसभरात असे हजार आवाज व्हायचे, त्यातला हाच मला आजही वेगळा ऐकू येतो.

मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालो होतो, एम.एस्सी.च्या प्रवेशाची वाट बघत होतो आणि तोवर रशीदचाचांच्या नदाफ मुद्रणालयात प्रुफं वाचत होतो. आमचं गाव तालुक्याचं. खिळ्यांचे छापखाने शेवटचे दिवस मोजत होते आणि सांगलीला एक-दोन ठिकाणी ऑफसेट आलं होतं. रशीदचाचा लग्नपत्रिका छापायचे, ट्रस्टच्या दवाखान्याचे केसपेपर छापायचे आणि वर्षाकाठी एखादं पुस्तक. त्या वर्षीचं पुस्तक आवटीकाकांचं होतं.

गुरुपाद आवटी त्याच दवाखान्यात एक्स-रे काढायचे. वय बावन्न, एकटेच राहायचे. घरात कन्नड, शाळा मराठी, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचा आनंद होता. तीस वर्षांत त्यांनी त्रेपन्न कविता लिहिल्या होत्या आणि त्या सगळ्यांत एक माणूस घाबरलेला होता. जिन्यावर, न्हाव्याच्या खुर्चीत, स्वतःच्या सहीकडे बघताना. ‘सही करताना भिती वाटते, माझ्यासारखाच कुणी करतोय की काय.’ मी अशा ओळी वाचायचो आणि त्या दिवशी मला माझीही सही जमायची नाही.

आवटींबद्दल गावात एक गोष्ट सांगितली जायची. ती मला चाचांनीच सांगितली होती. "फोटो काढायच्या आधी भाईर पळतंय. पेशंटला उभं करतंय, सगळं तयार, आन् हे दार उघडून व्हरांड्यात! कोण बसलंय ते बघून येतंय. मग परत आत. दर फोटोला. भित्रं हाय बिचारं."

म्हणून सांगतो, मी ती वेलांटी उगाच दिली नव्हती. हस्तलिखितात ही सोडून ‘भिती’ सतरा वेळा आली होती, सतराही वेळा अर्थ भीतीच होता. ‘भिंत’ फक्त दोनदा आली होती आणि दोन्ही वेळा टिंब ठळक होतं. अठराव्या ‘भिती’त चूक एकच होती, फक्त ती टिंबाची की वेलांटीची एवढं ठरवायचं होतं. मी आकडे मांडले आणि ठरवलं. कवीला विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. पण छापखान्यात चाचांचा एक कायदा होता: कवीला प्रूफ दाखवायचं नाही. एका कवीनं म्हणे तिसऱ्या प्रुफावर नवीन कविता लिहून आणली होती.

आणि आवटींना दाखवून उपयोगही नव्हता. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मोठी अक्षरं दिसायची, छापील ओळ नाही. प्रकाशन झालं की ऑपरेशन, असं ठरलं होतं.

ते एकदा छापखान्यात आले होते. पांढरा सदरा, खिशाला दवाखान्याचा बिल्ला, हातात खाकी पाकीट. बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याच्या थोडं बाजूला बघायचे, तिथून जास्त दिसत असावं.

"हे मुखपृष्ठावर घ्या," ते म्हणाले.

पाकिटात एक्स-रेच्या फिल्मचा हाताएवढा तुकडा होता. करड्या, धुरकट रंगावर एका किल्लीची पांढरी सावली. कडा जरा विस्कटलेल्या, पण दाते मोजता येत होते. चार.

"झकास!" चाचा म्हणाले. "मॉडर्न! ह्याचा ब्लॉक करून आणतो सांगलीस्नं."

मी फिल्म खिडकीशी धरली. "काका, किल्ली कुठल्या कुलपाची?"

"खोलीची. एक्स-रे खोलीची."

"आणि ही एवढी पुसट का? एक्स्पोजर कमी पडलं?"

"सहा आठवडे लागले हिला उमटायला."

मी त्यांच्याकडे बघितलं. एक्स-रेचा फोटो सेकंदाच्या दहाव्या हिश्शात निघतो, हे मला माहीत होतं आणि त्यांना तर माहीत असणारच. सहा आठवडे? मग मला वाटलं, कवी आहेत. त्यांचे आठवडे वेगळे असतील. मी मान डोलावली, समजल्यासारखी.

जाताना ते दारात थांबले. "सुहास, एकतीस नंबरची कविता तू स्वतः बघितलीस ना?"

"हो काका."

"बाकी चुकल्या तरी चालतील मला. ती चुकायला नको. एका माणसानं ती ऐकायला हवी आहे, म्हणून हे सगळं पुस्तक."

"कुणी?"

"डॉक्टर शिरगुप्पे. तेच अध्यक्ष आहेत रविवारी. कवितांचे शौकीन आहेत, मन लावून ऐकतात." मग पुन्हा, "बघितलीस ना नीट?"

"अक्षर न् अक्षर बघितलंय," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. तरी ते गेल्यावर मी हस्तलिखितातलं एकतीस नंबरचं पान काढून पुन्हा बघितलं. ‘भिती.’ वर टिंब आहे का म्हणून कागद उजेडाला धरला. नव्हतं. कागदाला एक बारीक भोक होतं, पेनाचं टोक रुतल्यासारखं, पण ते अक्षराच्या जरा वर आणि उजवीकडे होतं. भोक म्हणजे टिंब नव्हे. त्या पानांचा जुळवलेला फर्मा दुसऱ्या दिवशी सकाळी छापायला गेला. तीनशे प्रती.

त्यानंतरचे पाच दिवस माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. बसलो की ते भोक दिसायचं. माणूस टिंब देताना पेन जोरात टेकवतो का? शाई संपत आलेली असेल तर? घरी आई म्हणाली, "भाताचं एक एक शीत काय निवडतोयस?" मी एक कोरा कागद घेतला, कोरडं पेन घेतलं आणि शंभर वेळा ‘भिंती’ लिहून बघितलं. सहा ठिकाणी भोक पडलं. सहाही ठिकाणी ते अक्षराच्या जरा वर, उजवीकडे.

शनिवारी हे चाचांना दाखवलं.

"आता?" ते म्हणाले. "शिलाई झाली, कव्हर बसलं. दोन्हीत अर्थ लागतोय न्हवं?"

"लागतो."

"मग झालं. चार भीती काय, चार भिंती काय. माणूस आतच हाय."

मला ते पटवून घ्यायचं होतं आणि मी घेतलं.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता वाचनालयाच्या सभागृहात साठ-सत्तर माणसं होती. आमच्या गावात कवितेला साठ म्हणजे गर्दी. मंचावर डॉक्टर शिरगुप्पे, दवाखान्याच्या ट्रस्टचे अध्यक्ष, पांढरेशुभ्र केस, हसरा चेहरा. शेजारी कॉलेजचे प्राचार्य देशिंगकर, ते पुस्तकावर बोलणार होते. टोकाला आवटी, नव्या सदऱ्यात, हात मांड्यांवर. शाल झाली, श्रीफळ झालं, पुस्तकाची फीत सुटली. मग आवटी माईकपाशी आले.

"मला वाचता येत नाही सध्या," ते म्हणाले. "ज्या पोरानं माझं पुस्तक शुद्ध केलं तोच एक कविता वाचेल. सुहास, ये. एकतीस नंबर."

मला कुणी सांगितलं नव्हतं. चाचांनी कोपरानं ढोसलं. मी मंचावर गेलो, पुस्तक उघडलं, पान सत्तेचाळीस. मनातलं ‘भिंती’ वाचावं की छापलेलं, एवढा विचार करायला वेळ होता. माझ्या हातातल्या पुस्तकात जे होतं तेच सभागृहातल्या वीस-पंचवीस जणांच्याही हातात होतं. मी छापलेलं वाचलं.

"श्वास घ्या.
रोखा.
चार भीती, आत एक माणूस.
तीन भरीव आहेत, मी मोजल्या.
चौथी पातळ.
तिच्यापलीकडे कुणीतरी
मूल मांडीवर घेऊन बसलंय.
सोडा श्वास."

टाळ्या पडल्या, खऱ्या. आवटी माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझ्या दंडाला धरलं.

"काय वाचलंस?"

"काका…"

"तिसरी ओळ. पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचली. माईक चालूच होता.

"भिंती," आवटी म्हणाले. मग माईककडे तोंड करून, "भिंती आहे ते. चार भिंती."

सभागृहात थोडं हसू पिकलं, प्रेमळच. प्राचार्य उठून माईकपाशी आले आणि त्यांनी आवटींच्या खांद्यावर हात ठेवला. "आवटीजी, राहू द्या! मुद्राराक्षसानं तुमच्यावर उपकार केलेत. चार भिंती कुणीही लिहील. चार भीती! आजच्या माणसाचं घर दगडविटांचं नाहीच मुळी, ते भीतीचं आहे. आणि ती चौथी, पातळ भीती कोणती? मृत्यूची. तिच्यापलीकडे काय दिसतं? आई आणि मूल. म्हणजे पुन्हा जन्म. कवीला स्वतःच्या ओळीतलं सगळंच दिसतं असं नाही."

"पण ती भिंत…" आवटी म्हणाले.

"बसा, आवटी, बसा," डॉक्टर शिरगुप्पे हसत म्हणाले. "छान झालीय कविता. आणि भीती म्हणाल तर आम्ही साक्षीदार आहोत! हे गृहस्थ फोटो काढायच्या आधी बाहेर येऊन बघून जातात, बाकावर कोण बसलंय ते. वॉर्डबॉय म्हणतात, आवटीसाहेबांना भुतं दिसतात."

आता सगळं सभागृह हसलं. माझ्या हातात पुस्तक मिटलेलं होतं, मुखपृष्ठ वर. काळ्या चौकटीत पांढरी किल्ली, चार दाते.

बाकावर कोण बसलंय. पातळ. मी मोजल्या. सहा आठवडे.

तेव्हा मला कळलं. एखादं गणित रात्रभर सुटू नये आणि सकाळी दात घासताना सुटावं तसं, एकदम आणि पूर्ण. फिल्म काळ्या कागदात गुंडाळून, वर किल्ली चिकटवून त्यांनी ती एक्स-रे खोलीच्या भिंतीला बाहेरच्या बाजूनं टांगली होती. आत रोज फोटो निघत होते. भिंतीतून थोडं थोडं बाहेर येत होतं, सहा आठवडे, आणि किल्लीच्या भोवती फिल्म काळवंडत होती. बाक तिथंच होता. बाकावर कुणीतरी मूल मांडीवर घेऊन बसलेलं असायचं. यात अलंकार एकही नव्हता.

आवटींनी मान माझ्याकडे वळवली, नेहमीसारखी थोडी बाजूला. ते वाट बघत होते. मी फक्त म्हणायचं होतं, ‘चूक माझी आहे, भिंती असंच आहे, आणि ही किल्ली बघा.’ माईक माझ्यापासून हातभर लांब होता. प्राचार्य माझ्याकडे बघून म्हणाले, "या तरुण मुद्रितशोधकाचंही कौतुक!" आणि लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

मी नमस्कार केला आणि खाली उतरलो.

सोमवारी सकाळी आठ वाजता मी दवाखान्यात गेलो. एक्स-रे खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. बाहेर बाक, लाकडी, पाठ भिंतीला टेकवलेली. वर पत्र्याची सावली. बाकावर एक म्हातारा खोकत बसला होता. मी उघड्या दाराच्या चौकटीशी जाऊन पट्टी लावली. गिलावा धरून साडेपाच इंच. म्हणजे वीट साडेचार.

"पट्टी कशाला?" आतून आवाज आला. "मी सांगितलं असतं."

आवटी टेबलाशी बसून ओल्या फिल्मा तारेवर अडकवत होते. मी आत जाऊन दार लोटलं आणि उभाच राहिलो.

"काका, माझ्यामुळं…"

"बस. आज गर्दी नाही." त्यांनी स्टूल सरकवलं. "तीन भिंतींना किरण अडवणारं शिसं आहे. जुनं मशीन पश्चिमेकडे बघायचं. नवीन आलं ते तसं मावेना, मग छातीच्या फोटोचा स्टँड पूर्वेला लावला, आता किरण इकडं येतात. या भिंतीला काहीच नाही. पलीकडे बाक. बुधवारी लसीच्या दिवशी बाया पोरं घेऊन तास तास बसतात, उठवलं तरी परत येऊन टेकतात."

"डॉक्टरांना सांगितलं नाही?"

"तीन अर्ज दिले. अर्ज ऑफिसात जातात, ऑफिसातून फाइलीत. एकदा बाक स्वतः उचलून लिंबाखाली ठेवला. शिपायानं परत आणला, मला मेमो मिळाला." ते हसले. "डॉक्टर माणूस वाईट नाही. अर्ज वाचत नाही, पण कविता ऐकतो. म्हटलं, कवितेत घालू."

"अर्जात स्पष्ट लिहिता आलं, मग कवितेत का नाही? शिसं, इंच, बाक…"

"लिहिलंय की. तीन भरीव, एक पातळ, पलीकडे मूल. आणखी किती स्पष्ट?" त्यांनी तारेवरची फिल्म हातानं चाचपली. "तुला वाटलं, हा माणूस घाबरट आहे, तर हे पण भीतीच असणार."

"मी मोजलं होतं, काका. सतरा वेळा भीतीच होती."

"त्या सतरा बरोबर आहेत. तिथं मला खरंच भीती वाटत होती." मग जरा थांबून, "इथं वाटत नव्हती. इथं मला माहीत होतं."

मी पट्टी खिशात घातली.

"तू फिजिक्सवाला," ते म्हणाले, आवाज न चढवता. "सहा आठवडे लागले असं मी तुलाच सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं."

तेवढ्यात एक पेशंट आला, पाटीवाला, छाती धरून. आवटींनी त्याला स्टँडला उभं केलं, हनुवटी वर, खांदे पुढे. मग दार उघडून बाहेर गेले. मी त्यांच्या मागे. त्यांनी बाकाकडे डोळे बारीक करून बघितलं. "आजोबा, जरा तिकडं उभं राहा. दोन मिनिटं." म्हातारा कुरकुरत उठला. आवटी आत गेले.

भिंतीतून त्यांचा आवाज आला, अगदी स्वच्छ. "श्वास घ्या. रोखा."

साडेचार इंचातून सगळंच येतं.

मी तडक छापखान्यात आलो. रशीदचाचा लग्नपत्रिकेचा गणपती शोधत होते.

"चाचा, शुद्धिपत्र छापायचंय."

"एका वेलांटीचं शुद्धिपत्र? लोक हसतील."

मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते तोवर त्यांच्या हातातला गणपतीचा ब्लॉक एका हातातून दुसऱ्यात जात राहिला. मी थांबल्यावर म्हणाले, "दवाखान्याचे केसपेपर आपल्याकडं छापत्यात. ठावं हाय न्हवं? तूच प्रुफं बघतोस त्यांची."

"ठाऊक आहे."

"उद्या एम्मेस्सीला तू जाशील निघून. मी हितंच ऱ्हाणार हाय. कविता ती कविता. ती वाचणारे लोक चार. भिंत दवाखान्याची. तू कशाला मधी पडतोस?"

"चूक माझी आहे, चाचा."

"वेलांटीची. भिंतीची न्हाई."

ते ब्लॉक ठेवायला वळले आणि तसेच, पाठमोरेच म्हणाले, "कुठला बाक म्हणालास?"

"व्हरांड्याच्या टोकाचा."

"तिथं एकच हाय का?"

"एकच."

"मागच्या बुधवारी रुक्साना पोराला डोस द्याया घिऊन गेलती." रुक्साना त्यांची सून. "दोन तास बसाय लागलं म्हणत होती. पाठ टेकाय बरी जागा हाय, सावली हाय म्हणत होती."

यंत्र बंद होतं, दुकानात कुणी नव्हतं. चाचांनी टोपी काढली, परत घातली.

"स्टिक दे," ते म्हणाले.

मजकूर मी तोंडानं सांगत गेलो, ते जुळवत गेले. ‘भिंती’ला आले तेव्हा टिंबांच्या खणातून त्यांनी पाच-सहा टिंबं उपसली, उजेडात बघितली आणि झिजलेली परत टाकून एक कोरं घेतलं. "बसू नये," मी शेवटचं सांगितलं.

"चाळीस वर्षं शुद्धिपत्रं छापतोय," ते म्हणाले, "‘असे वाचावे’ छापलंय. ‘बसू नये’ पयल्यांदाच."

पुढे काय झालं ते इथंच सांगून टाकतो. बाक आठवड्याच्या आत लिंबाखाली गेला, कुणाच्या हुकमानं ते कागदावर कुठंच नाही. भिंतीला शिसं लागायला वर्ष लागलं. दवाखान्याचे केसपेपर सांगलीला ऑफसेटवर छापून येऊ लागले. आवटींना आणखी एक मेमो मिळाला आणि मग दोन्ही डोळे मिळाले. मी एम.एस्सी.ला गेलो. पुस्तकाच्या परीक्षणांत ‘चार भीती’चं कौतुक आलं. शुद्धिपत्र बहुधा गळून पडलं असावं.

पण तो बुधवार.

मी साडेनऊला पोचलो, एका हातात शुद्धिपत्रांचा गठ्ठा, दुसऱ्या हातात खळीची वाटी. बाकावर सहा बाया होत्या. मांडीवर पोरं, पिशव्या पायाशी, पाठी भिंतीला. मी बाकाच्या वर, त्यांच्या डोक्यांच्या मधल्या जागेत खळ लावली आणि एक कागद चिकटवला. मग शेजारी आणखी एक. वॉर्डबॉय लांबून ओरडला, "ए, कसली जाहिरात लावतोयस?"

"काय लिवलंय, दादा?" कडेच्या बाईनं विचारलं. हिरवी साडी, मांडीवर दोन-तीन महिन्यांचं बाळ.

मी वाचलं.

"शुद्धिपत्र. पृष्ठ सत्तेचाळीस, ओळ तिसरी. ‘भीती’ असे छापले आहे. ते ‘भिंती’ असे वाचावे. चूक मुद्रितशोधकाची आहे. ओळ पाचवी. ‘चौथी’ म्हणजे दवाखान्याच्या एक्स-रे खोलीची पूर्वेची भिंत. वीट साडेचार इंच, शिसे नाही. आतले किरण बाहेर येतात. मुखपृष्ठावरील किल्ली त्या किरणांनी उमटली आहे. पलीकडे बाक आहे. बाकावर बसू नये. सुहास मगदूम, बी.एस्सी."

"म्हंजी?" ती म्हणाली.

"म्हणजे फोटो काढायची किरणं या भिंतीतून येतात. तुमच्या पाठीतून जातात. बाळातूनही."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग मागे वळून भिंतीकडे. तिनं भिंतीला हात लावून बघितला, तवा तापलाय का बघावा तसा. "गार हाय की," ती म्हणाली.

"ती हाताला लागत नाहीत."

"अगं, आवटीसाहेब रोज उठवत्यात ते ह्याच्यासाठी व्हय?" दुसरी म्हणाली. "आमी म्हणायचो, येडं हाय."

हिरव्या साडीवालीनं बाळ खांद्यावर घेतलं, पिशवी उचलली आणि उन्हात जाऊन उभी राहिली. मग दुसरी उठली. मग बाकीच्या, एकमेकींना विचारत. वॉर्डबॉय जवळ आला, कागद वाचायला लागला, ओठ हलवत.

दार उघडलं. आवटी बाहेर आले, नेहमीसारखे, डोळे बारीक करून. बाकाच्या दिशेनं बघितलं. त्यांना लाकडाची एक लांब तपकिरी रेघ दिसत असणार, त्यावर रंगांचे ठिपके असतात रोज. आज नव्हते. ते दोन पावलं पुढे आले आणि त्यांनी बाकावरून हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"कोण आहे?"

"कुणी नाही, काका," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या आवाजाच्या थोडं बाजूला बघितलं. भिंतीवरचे ओले कागद हाताला लागले तेव्हा बोट नाकाशी नेऊन खळीचा वास घेतला. आत गेले, दार लागलं.

मी बाजूला सरलो आणि बायांच्या शेजारी उन्हात जाऊन उभा राहिलो. व्हरांडा मोकळा होता. भिंतीतून त्यांचा आवाज आला.

"श्वास घ्या. रोखा."

हिरव्या साडीवालीनं पदर बाळाच्या डोक्यावर ओढला. आम्ही सगळे त्या भिंतीकडे बघत होतो.

"सोडा."